जळालेल्या टेम्पोतला देव

डोंबिवलीच्या महिपत धुरीसमोर आता कुणी जळालेल्या गाडीचा विषय काढला, की तो चहात बिस्कीट बुडवतो आणि ते विरघळून तळाला जाईपर्यंत मान वर करत नाही. पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी हाच गृहस्थ लग्नाच्या पंगतीत, बारशात, अगदी स्मशानातल्या बाकावर बसूनसुद्धा गाड्या कशा पेटतात ते समोरच्याला ऐकवायचा. उंदराने वायर कुरतडली की काय होतं, रस्त्यावरच्या दुकानातून झगमगीत दिवे बसवून घेतले की काय होतं, पेट्रोलचा पाइप सुकून चिरला की काय होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, घरी जावं आणि आधी गाडी विकून टाकावी.

धंदाच तो त्याचा. आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या विमा कंपन्यांसाठी तपासायच्या, फोटो काढायचे, आणि हे कशाने झालं ते लिहून द्यायचं. सर्व्हेयर म्हणतात त्याला. ठाण्याच्या एका गॅरेजात हात काळे करत त्याने डिप्लोमा केला, परवाना काढला आणि पुढे आगीच्या केसेसमध्ये नाव कमावलं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुठेही गाडी पेटली की कंपनीतली मंडळी म्हणायची, जिथे धूर तिथे धुरी. त्याला हे फार आवडायचं. वरवर ‘चला, काहीतरीच’ म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा.

आता नाव कशामुळे झालं, तर एका नियमामुळे. धंद्यात नवा असताना ठाण्यातल्या एका बड्या माणसाची गाडी रस्त्यात पेटली होती. सगळे कागद बिनचूक, फायर ब्रिगेडचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, सगळं जागच्या जागी. महिपतने आत डोकावून पाहिलं तर डॅशबोर्डवर गणपतीची बैठक आहे, पण गणपती नाही. धातूची मूर्ती अशी वितळून नाहीशी होत नाही. मग त्या माणसाच्या घरी गेला, तर गणपती दिवाणखान्यात, शोकेसच्या काचेआड. खोदून चौकशी झाली आणि त्या माणसाने कबूल केलं, गाडी त्यानेच पेटवली होती. त्या दिवसापासून महिपतचं ठरलं. माणूस गाडी जाळेल, पण गाडीतला देव जाळणार नाही. पुढे दोन-तीन केसेसमध्ये हे खरंही ठरलं. झालं, शितावरून भाताची परीक्षा करायची सवय लागली. नवी पोरं शिकायला आली की हा आधी तेच सांगायचा, इंजिन नंतर बघा, देव आहे का ते आधी बघा.

त्याला जोडून आणखी एक खोड होती. तो माणसांना ‘काय’ विचारायचा, ‘केव्हा’ विचारायचा, पण ‘का’ कधी विचारायचा नाही. म्हणायचा, का विचारलं की माणूस गोष्ट रचतो. बायको नंदा एकदा म्हणाली होती, ‘अहो, खरं बोलणाऱ्यालाही का विचारल्याशिवाय सांगता येत नाही.’ त्यावर हा हसला होता. घरचं माणूस, त्याला काय कळतंय आपल्या लाइनीतलं.

तर अशा या शहाण्या माणसापुढे गेल्या वर्षी दामाजीचा टेम्पो आला.

दामाजी खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याच्या बापाची होडी होती, पण खाडीत मासळी उरली नाही म्हणून त्याने कर्जावर टेम्पो घेतला. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा आणि कल्याण, शहाड, टिटवाळ्याच्या बाजारांत पोचवायचा. त्याची बायको मनुबाई कल्याणच्या बाजारात बसायची. वाड्यातल्या आणखी चार बायकांचा मालही त्याच्याच टेम्पोतून जायचा. एके सकाळी शहाडच्या पुलाच्या अलीकडे सीटच्या मागून धूर आला. दामाजी उडी मारून बाहेर पडला, लोकांनी बादल्यांनी पाणी मारलं, पण बंब येईपर्यंत टेम्पोचा सांगाडा झाला होता.

महिपत गेला तेव्हा तो सांगाडा एका गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा होता. दामाजी आणि मनुबाई सकाळपासून येऊन बसले होते. महिपतने पत्र्याचा रंग बघितला, काच कुठून तडकली ते बघितलं, राखेचा वास घेतला. रॉकेल नाही, पेट्रोल सांडल्याची खूण नाही. आग सीटमागून, बॅटरीच्या वायरींच्या बाजूने सुरू झालेली. तिथल्या वायरीच्या टोकाला तांब्याचा राईएवढा गोल मणी धरला होता. वीज चालू असताना वायरीत ठिणगी उडाली की असा मणी धरतो. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं त्या वायरींवर गळत होतं, हे तर शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. महिपतलाही दिसलं. त्याने मण्याचा फोटोदेखील काढला.

मग तो पुढे आला आणि त्याने डॅशबोर्डच्या जागी बघितलं. लोखंडाची लहानशी पट्टी होती, मूर्ती बसवण्यासाठी कुणीतरी मुद्दाम बनवून घेतलेली. पट्टीला स्क्रूची दोन भोकं होती आणि दोन्ही रिकामी. स्क्रू काही जळून जात नाहीत. म्हणजे मूर्ती आगीआधी कुणीतरी सावकाश, स्क्रू-ड्रायव्हर लावून काढली होती.

‘इथे देव कुठला होता?’ त्याने विचारलं.

‘एकवीरा आई,’ मनुबाई म्हणाली. ‘पितळेची.’

‘आता कुठे आहे?’

‘जयाकडं हाय. शेजारीण आमची.’

‘केव्हा काढली?’

‘आदल्या दिवशी,’ दामाजी म्हणाला.

महिपतने मान हलवली आणि पुढचं विचारलंच नाही. तिथून उठून तो कोळीवाड्यात जयाच्या घरी गेला. एकवीरा आई तिच्या देव्हाऱ्यात बसली होती, ताजं जास्वंदीचं फूल वाहिलेलं. जया बिचारी उत्साहाने म्हणाली, ‘हो साहेब, माझ्याच नवऱ्याने काढून आणली ना.’ महिपतला वाटलं, काय माणसं आहेत, शेजाऱ्यालाही सामील करून घेतलं. जयाने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही. संशयितांच्या घरचा चहा तो घेत नसे.

रिपोर्टात त्याने वायरींचं लिहिलं, मण्याचंही लिहिलं, खोटं काही लिहिलं नाही. पण शेवटी मत दिलं, की आग लागल्यावरही असा मणी धरू शकतो, आणि एकूण परिस्थिती बघता ही आग अपघाती वाटत नाही. कंपनीला तेवढंच हवं होतं. आग अपघाती नाही म्हणून क्लेम नाकारल्याचं इंग्रजीतलं पत्र दामाजीच्या घरी गेलं. त्यात देवाचा उल्लेखही नव्हता.

पुढे काय झालं ते महिपतला नंतर कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकू. वाड्यातल्या शिकल्यासवरल्या पोराने पत्र वाचून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की दामाजीने टेम्पो स्वतःच्या हाताने जाळला. लोक म्हणाले, कंपनीचा मोठा साहेब मशिनी लावून तपासून गेलाय, तो काय उगाच लिहील? दामाजी घसा फोडून सांगत होता, पण सांगणार काय, हे कशावरून ठरवलं ते पत्रात नव्हतंच. ज्या बायकांचा माल तो नेत असे त्यांनी दुसरी गाडी धरली. स्वतःची गाडी जाळणाऱ्याच्या हाती माल कसा सोपवायचा? दामाजी दुसऱ्याच्या टेम्पोवर रोजंदारीने चालवायला लागला आणि मनुबाई बाजारात मान खाली घालून मासळी विकायला लागली. गाडी गेली त्याचं दुःख होतंच, पण गावात वर बघायची सोय राहिली नाही हे त्याहून वाईट.

महिपतला याचा पत्ताही नव्हता. तो बापडा पुढच्या गाड्या बघत होता आणि नव्या पोरांना एकवीरा आईची गोष्ट रंगवून सांगत होता. हो, सांगत होता. आता ते आठवलं की त्याला जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मग एका सकाळी कणकवलीकडून फोन आला. त्याचा चुलतभाऊ गेला. वय झालं होतं, आजारी होता, धक्का असा नव्हता. नंदा डोळे पुसत उठली आणि कामाला लागली. महिपतने जन्मात घरातल्या सोवळ्या-सुतकाची काळजी केली नव्हती. ते सगळं बायकोच्या गळ्यात टाकून हा मोकळा. देव्हाऱ्याचं दार लावायचं की उघडं ठेवायचं, हेही त्याला माहीत नसे. तो बूट घालत होता आणि नंदा दारात उभी राहून समोरच्या करिश्माशी बोलत होती.

‘दहा दिवस आमच्या देवांना तू दिवा लाव गं. आम्हाला सुतक आलंय. आणि खाली गाडीत गणपती आहे, तोही तुझ्या नवऱ्याला काढून घरी न्यायला सांग. आम्ही हात लावायचा नाही.’

महिपतच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. ‘गाडीतला कशाला?’ त्याने विचारलं.

‘कशाला म्हणजे? रोज सकाळी उदबत्ती ओवाळता ना त्याला? मग सुतकात कसं चालेल?’

‘पण शेजाऱ्यांकडे का?’

नंदाने त्याच्याकडे असं बघितलं, की याला ताप तर नाही आला. ‘अहो, आपण पूजा करायची नाही म्हणून देवाला उपाशी ठेवायचं का? ज्यांना सुतक नाही त्यांच्याकडेच देणार ना?’

महिपत एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असा सोफ्यावर बसला. मनुबाईने तेव्हा काहीच लपवलं नव्हतं, हे त्याला आता आठवलं. जयाकडं हाय, असं तिने सरळ सांगितलं होतं. जयाने तर हौसेने देव्हारा दाखवला होता. चोराच्या घरात कोणी असं दाखवतं का? आणि तो तांब्याचा मणी, आपणच फोटो काढलेला, आपणच मोडीत काढलेला. लाज म्हणजे काय ते त्याला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ती आधी कानात येते, कान गरम होतात, मग पोटात उतरते आणि तिथून हलत नाही.

संध्याकाळी त्याने नंदाला सगळं सांगितलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, ‘देव का उतरवला, हे विचारलं नाहीत तुम्ही?’

‘नाही.’

‘का?’

उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात जाऊन खातरजमा करायला हवी होती. पण हा पठ्ठ्या म्हणाला, सुतकात कुणाच्या घरी जायचं नसतं. ज्या सुतकाची आठवण त्याला गरजेला झाली नाही, त्याचीच ढाल केली! आणि आत कुठेतरी त्याला बरंही वाटत होतं, की दहा दिवस सुटका झाली. हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं आणि कबूल करताना मान खाली होती. अकराव्या दिवशी तेरावं झाल्यावर जाऊ म्हणाला. तेरावं झाल्यावर ठाण्याला कोर्टाचं काम निघालं. शेवटी नंदाने त्याची बॅग भरून दारात ठेवली आणि म्हणाली, ‘मी येऊ का सोबत?’ तेव्हा कुठे तो निघाला.

दामाजीचं घर बंद दिसेल, अशी त्याला आशा होती. उघडं होतं. मनुबाई ओट्यावर बसून सुकटीतला कचरा वेचत होती. त्याला बघताच तिने पदर सारखा केला आणि आत हाक मारली. दामाजी बाहेर आला. त्याने ‘या’ म्हटलं नाही, ‘का आलात’ही म्हटलं नाही.

महिपतने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. ‘त्या वेळी तुमच्या भावकीत कुणी वारलं होतं का?’ त्याने विचारलं.

‘माझा चुलता. आगीच्या दोन दिवस आधी,’ दामाजी म्हणाला. ‘त्याचं काय?’

‘मी रिपोर्ट चुकीचा लिहिला.’ महिपत म्हणाला. ‘गाडीतला देव आधीच काढलेला दिसला. मला वाटलं, गाडी जाळायची म्हणून काढला.’

दामाजीला ते कळायला वेळ लागला. मग तो खाली ओट्यावर बसला. ‘नुसतं तेवढ्यावरून?’ तो म्हणाला. ‘आमी इतके महिने विचार करतोय, आपल्याकडून काय चुकलं. कंच्या मशिनीत काय दिसलं असंल. मी रातच्याला उठून आठवायचो, मी कुठं विडी तर नाय टाकली. आणि तुमी आईची जागा रिकामी बघितली, एवढंच?’

‘एवढंच,’ महिपत म्हणाला.

तो ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या तर महिपतला सोसलं असतं. पण दामाजीने नुसतं बायकोकडे बघितलं. बोलली ती मनुबाई, आणि तीही शांतपणे, सुकट वेचता वेचता.

‘साहेब, लोनच्या हापिसातनं एक साहेब आला होता. केरळचा, ख्रिश्चन. त्यानं पण इचारलं, भगवान किधर गया, क्यों निकाला. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. हमारे में कोई मर गया तो भगवान को हात नहीं लगाते, पडोसी को देते. त्याला कळलं. हात जोडून गेला तो.’ तिने सुकटीचं सूप बाजूला ठेवलं. ‘तुमाला नाय सांगितलं. तुमी मराठी, कोकणातलं नाव. मला वाटलं, आपल्याच माणसाला हे काय सांगायचं? तो आपला अपमान समजंल.’

महिपतला तिथल्या तिथे जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं झालं. परक्याला तिने समजावलं, कारण तो परका होता. आपल्याला सोडून दिलं, कारण आपण घरचे. आणि घरच्याने काय केलं?

‘मी पुरवणी रिपोर्ट देतो,’ तो कसाबसा म्हणाला. ‘चुलत्याच्या मृत्यूचा दाखला द्या, जयाताईंचा जबाब घेतो, वायरींचे फोटो आहेत माझ्याकडे. शॉर्ट सर्किटच आहे ती. माझी चूक झाली असं स्पष्ट लिहितो.’

‘ल्ह्या,’ दामाजी म्हणाला. ‘कंपनीला ल्ह्याल ते ल्ह्या. पण गावाला कोण सांगणार? माझं कुणी ऐकत नाय. तुमचं ऐकलं होतं.’

महिपतने रिपोर्ट त्याच आठवड्यात दिला. कंपनीतल्या अधिकाऱ्याने फोनवर नको नको ते ऐकवलं, स्वतःचाच रिपोर्ट खोडणारा सर्व्हेयर आम्हाला कशाला हवा, असंही विचारलं. क्लेम पुन्हा उघडला गेला, पण पुढची केस महिपतकडे आली नाही, त्यापुढचीही नाही. त्याने तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

राहिलं होतं गाव. रविवारी सकाळी कोळीवाड्याच्या देवळापुढे जमातीची बैठक असते. वर्गणी, जेटीची दुरुस्ती, असलं काहीबाही बोलतात. दामाजी त्याला तिथे घेऊन गेला आणि स्वतः मागे, कडेला जाऊन बसला. पुढे वयस्क मंडळी, मागे बायका, त्यांच्यात मनुबाई आणि जया. कुणीतरी महिपतला खुर्ची दिली. तो बसला नाही. नंदाने इस्त्री करून दिलेला शर्ट पाठीला चिकटला होता.

‘मी महिपत धुरी,’ तो म्हणाला. ‘दामाजींच्या टेम्पोचा सर्व्हे मी केला होता. टेम्पो त्यांनी जाळला नाही. वायरीत शॉर्ट सर्किट झालं होतं. माझ्याकडून लिहिण्यात चूक झाली.’

एक म्हातारा कोळी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. ‘चूक म्हंजे कशी?’ त्याने विचारलं. ‘इतके शिकले तुमी. कशावरून लिवलं होतं?’

इथवर महिपतने ठरवलं होतं, इथून पुढे काही ठरवलं नव्हतं. मग तो जमिनीकडे बघत, एवढ्याशा आवाजात बोलला, की गाडीतली एकवीरा आई काढून ठेवलेली होती, आणि घरात सुतक असेल हे मला सुचलं नाही.

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

‘काय बोलले?’ मागून बायकांतली एक म्हणाली. ‘ऐकू नाय आलं. साहेब, जरा मोठ्यानं बोला.’

महिपतने मान वर केली. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, मांडीवरची पोरंसुद्धा. त्याने घसा खाकरला आणि तेच सगळं पहिल्यापासून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.